फुकट की मोकळं?

पाली म्हटलं की ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकला बल्लाळेश्वर आठवतो. बॉस, ती रायगडातली! आपण बोलतोय रत्नागिरीतल्या पालीबद्दल. मुंबई-गोवा हायवेवर, हातखंबा सोडलं की लागते ती. अशा गावात तुमचा एखादा काका असतोच, आणि त्याचा आंब्याच्या पेट्यांचा हिशेब वहीत असतो. तुम्ही पडलात आयटीवाले. तेव्हा गणपतीला गेलात की फर्माईश ठरलेली, "बाळा, एवढं कॉम्प्युटरवर करून दे की!"

झालं, आपला लाडका वाद सुरू. डॉट नेट, जावा की पायथन? टूल विकतचं की फुकटचं?

एके काळी निर्णय सोपा होता. विकतचं परवडायचं नाही, म्हणून सीडी या हातातून त्या हातात फिरायची! 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी एडिशन काढली, एकट्या डेव्हलपरला चकटफू. जावाचा प्रवास उलटा. 2019 मध्ये ओरॅकलने कमर्शियल वापरासाठी जावा 8च्या नव्या अपडेट्सना पैसे लावले आणि 2023 पासून तर कंपनीतली एकूण डोकी मोजून बिल! ओपनजेडीके आहे म्हणून जावावाले तरले.

इंग्रजीत दोन्हीला 'फ्री' म्हणतात. आपली मराठी हुशार आहे. फुकट वेगळं आणि मोकळं वेगळं. कम्युनिटी एडिशन फुकट आहे, पण मालकाच्या अटींवर. मोठ्या कंपनीत ती सर्रास वापरता येत नाही. पायथन, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट मात्र मोकळे. उद्या कुणाचा मूड बदलला तरी हातातलं काढून घेता येत नाही.

याची किंमत मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. युनिकोड रुळण्याआधी जो तो आपापल्या फॉन्टमध्ये टाइप करायचा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर त्या फाइल्स आज उघडा, अक्षरांच्या जागी नुसत्या किडेमुंग्या! मजकूर आपला, किल्ली दुसऱ्याची.

म्हणजे विकतचं वाईट का? मुळीच नाही. एखादं टूल रोजचा तासभर वाचवत असेल, तर बिनधास्त पैसे मोजा. तुमचा तास त्याहून महाग आहे. पण लिहायचं टूल बदलता येतं. काकांचा डेटा ज्यात अडकलाय ते बदलताना घाम फुटतो. व्हिज्युअल बेसिक 6चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये संपवला. त्यातले प्रोग्राम त्यानंतरही चालत राहिले, पण दुरुस्त करणारा शोधायची वेळ आली.

तेव्हा प्लॅटफॉर्म ठरवताना तीन प्रश्न विचारा. नेट गेलं तरी चालेल का? सगळा हिशेब साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येईल का? आणि तुम्ही जॉब बदलून सिंगापूरला गेलात, तर रत्नागिरीतल्या कॉलेजातला पोरगा तो कोड उघडून सुधारू शकेल का?

पालीसाठी माझं मत पायथन आणि एसक्यूलाइटला. अख्खा हिशेब एका फाइलीत, पेनड्राइव्हवर कॉपी केली की बॅकअप तयार. आणि ही फाइल 2050 पर्यंत वाचता यावी, असा एसक्यूलाइटवाल्यांचा जाहीर इरादा आहे.

तुमचं मत डॉट नेटला? चालेल की! फक्त किल्ली काकांकडे राहू द्या. वहीला पासवर्ड लागत नव्हता, हे ते विसरलेले नाहीत!