जठरातील वैश्वानर आणि आपली एकादशी

आषाढ शुद्ध एकादशीला आमच्या पंढरीत पहाट अशी होतच नाही; दशमीची रात्रच टाळमृदंगांच्या घोषात दिवसाला जाऊन मिळते. चंद्रभागेचे वाळवंट माणसांनी फुलते, पदस्पर्शाची रांग गावाबाहेरपर्यंत जाते. त्याच घटकेला घरोघरी परातींतून साबुदाणा भिजत असतो, दाण्याचा कूट पडत असतो, बटाटे उकडत असतात आणि कढईत तूप तापत असते. कीर्तनसेवेच्या निमित्ताने चाळीस वर्षे मी ही दोन्ही दृश्ये पाहत आलो आहे. आजच्या पुण्यपर्वावर वाचकांपुढे जे निवेदन करावयाचे आहे ते या दुसऱ्या दृश्याविषयी. आणि त्यात माझा स्वतःचा एक कबुलीजबाबही आहे.

भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, प्राणिमात्राच्या देहात वैश्वानर अग्नीच्या रूपाने मीच राहतो आणि चतुर्विध अन्न मीच पचवितो. भक्ष्य, भोज्य, लेह्य आणि चोष्य हे ते चार प्रकार. ज्याच्या दर्शनासाठी आपण आळंदी-देहूहून पायी चालत येतो, तो आपल्याच पोटात अहोरात्र राबत आहे, असा याचा अर्थ. परंतु ते यज्ञकुंड आहे तरी कसे, हे जाणून घेण्याची उत्सुकता आपल्यापैकी किती जणांना असते? देवळाचा गाभारा, सभामंडप, गरुडखांब आपल्याला पाठ असतात. या देहमंदिराची रचना मात्र आपल्याला ठाऊक नसते. ती थोडक्यात पाहू.

या यज्ञाचे पहिले द्वार म्हणजे मुख. येथे दातांनी घास दळला जातो आणि लाळेत भिजतो. दिवसाकाठी एक ते दीड लिटर लाळ सुटते आणि पिष्टमय अन्नाचे पचन येथूनच सुरू होते; पोळीचा घास पुष्कळ वेळ चावला की गोड लागू लागतो तो यामुळेच. पुढे सुमारे वीतभर लांबीची अन्ननलिका. अन्न तिच्यातून केवळ वजनाने खाली पडत नाही. नलिकेचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून त्याला पुढे ढकलतात. नंतर जठर. त्यात साधारण एक ते दीड लिटर अन्न मावते. तेथील आम्ल इतके तीव्र असते की ते स्वतः जठरालाच जाळील. म्हणून आतून बुळबुळीत आवरणाचा लेप सतत चढत असतो. कुंडातील अग्नीने कुंड जळू नये याची तजवीज कुंड बांधतानाच करून ठेवावी, तसा हा प्रकार!

जठरात घुसळलेले अन्न थोडे थोडे करून लहान आतड्यात उतरते. तेथे दीड किलो वजनाच्या यकृतातून पित्त येते, स्वादुपिंडातून पाचक रस येतो. पित्त स्निग्धांशाचे बारीक कण करते आणि स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिन व स्निग्ध या तिहींना फोडतो. लहान आतड्याची लांबी कित्येक हात, आणि आतून मखमलीसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर. ते सारे उलगडून पसरले तर सुमारे ३० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे एखाद्या प्रशस्त माजघराएवढी. अन्नाचा सारभाग या अंकुरांतूनच रक्तात जातो. उरलेला भाग सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात येतो. तेथे पाणी शोषले जाते, अगणित सूक्ष्म जीव आपला वाटा घेतात आणि शेष बाहेर टाकले जाते. छांदोग्य उपनिषदात अन्नाचे स्थूल, मध्यम आणि सूक्ष्म असे तीन भाग सांगितले आहेत. स्थूलाचे पुरीष होते, मध्यमाचे मांस होते आणि सूक्ष्माचे मन होते. त्या ऋषींजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते. तरी प्रश्न मात्र त्यांनी नेमका विचारला होता.

पाश्चात्त्यांनी हे ज्ञान कसे मिळविले, याची एक कथा सांगण्यासारखी आहे. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुण मजुराच्या पोटात बंदुकीचा बार शिरला. विल्यम बोमाँट नामक लष्करी शल्यवैद्याने त्याला वाचविले, पण जठराला पडलेले छिद्र कायम राहिले. त्या खिडकीतून बोमाँटने वर्षानुवर्षे अन्न कसे पचते ते प्रत्यक्ष पाहिले आणि १८३३ साली ग्रंथ लिहिला. त्याची एक नोंद आपण ध्यानी धरावी अशी आहे: मनुष्य क्रोधाविष्ट झाला की जठराचे कार्य बिघडते. पानावर बसल्यावर आधी देवाचे नाव घ्यावे, भांडण काढू नये, हा आपल्या आजीचा दंडक होता. आजीने बोमाँट वाचला नव्हता आणि बोमाँटला आजी माहीत नव्हती. तरी दोघांचे एकमत झाले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या यज्ञकुंडाला विश्रांती हवी की नको? अर्वाचीन शरीरशास्त्र सांगते की, जठर आणि लहान आतडे रिकामे झाले की सुमारे दीड-दोन तासांच्या अंतराने एक जोरदार लाट जठरापासून निघून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत जाते आणि उरलेसुरले कण पुढे लोटते. रिकाम्या पोटी जी गुरगुर ऐकू येते तीत या लाटेचाही वाटा असतो. म्हणजे ती नेहमीच भुकेची तक्रार नव्हे; पुष्कळदा तो अंगण झाडण्याचा आवाज असतो. परंतु मध्येच काही खाल्ले की झाडलोट थांबते आणि पचनाचे काम सुरू होते. सकाळी खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, चारला केळ्याचे वेफर, रात्री भगर आणि दाण्याची आमटी, असा ज्याचा उपवास, त्याच्या पोटात झाडू फिरणार केव्हा?

साबुदाणा हा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. आपल्याकडे तो टॅपिओका नावाच्या कंदापासून होतो, आणि हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, रताळे, भुईमूग आणि मिरची यांचेही मूळ अमेरिका खंडांतच. आपले स्मृतिकार यांतील एकही पदार्थ ओळखत नव्हते. तेव्हा अमुक चालते आणि तमुक चालत नाही, यावरून घरात सासवासुनांनी वाद घालण्यात अर्थ नाही. पिष्टाची साखर झपाट्याने होते आणि तुपातेलाने जठर रिते होण्यास विलंब लागतो. म्हणून खिचडीनंतर अंग जड होते आणि हरिपाठ म्हणताना जांभया येतात. वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो, असे आयुर्वेद सांगतो. पोटाचे दोन भाग अन्नाने व एक भाग पेयाने भरावा आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असे वाग्भट सांगतो. आपण एकादशीला चारही भाग भरतो. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कोणा नास्तिकाने केलेली नाही. ती आपल्याच घरात जन्मली आहे.

ही पळवाट आजची नव्हे. शतपथ ब्राह्मणात यज्ञाच्या पूर्वदिनाचा विचार आहे. देव यजमानाच्या घरी वस्तीला येतात, म्हणून तो ‘उपवसथ’. पाहुणे जेवण्यापूर्वी यजमानाने जेवणे शोभत नाही, मग पाहुणा देव असताना कसे शोभेल? तेथे याज्ञवल्क्य तोड सुचवितात की, खाल्ले तरी न खाल्ल्यासारखे ठरेल असेच खावे, म्हणजे रानात उगवलेले कंदमूळ वा फळ. त्यावर बर्कु वार्ष्ण नामक एक गृहस्थ म्हणतात, माझ्यासाठी उडीद शिजवा, कारण उडदाची आहुती देत नाहीत! ग्रंथकाराने ते मानले नाही. हजारो वर्षे लोटली, तरी बर्कु वार्ष्ण आपल्या स्वयंपाकघरात बसलेलाच आहे. उडदाच्या जागी साबुदाणा आला, एवढेच.

येथवर झाला पूर्वरंग. आता उत्तररंगात आख्यान सांगावयाचे ते माझ्याच घरचे.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही सारे आक्का म्हणतो, अनेक वर्षे मधुमेहाने आजारी आहे. २०१४ सालच्या आषाढीला तिने निर्जळी एकादशी धरली. घरच्यांनी विरोध केला. मी केला नाही. उलट त्याच आठवड्यातील एका कीर्तनात, सत्तरीतही पाण्याचा थेंब न घेणाऱ्या माउलीचा दृष्टान्त म्हणून मी तिचा गौरव केला. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. एकादशीला सकाळी तिने साखर उतरविणारी गोळी मात्र सवयीने घेतली आणि अन्न घेतले नाही. दुपारी तिला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले आणि ती देवघरातच कोसळली. चार दिवस ती रुग्णालयात होती. शुद्धीवर आल्यावर मला जवळ बोलावून म्हणाली, “काय रे, तू एवढा शास्त्री, आजाऱ्याला औषध चालतं, पाणी चालतं, हे शास्त्रात लिहिलेलं नाही का? मग मला का नाही सांगितलंस?”

वाचकहो, लिहिलेले होते. मला पाठही होते. मी सांगितले नाही, कारण कठोर व्रताच्या दृष्टान्ताला टाळ्या पडतात आणि सवलतीच्या वचनाला पडत नाहीत.

डॉक्टरांनी मला जे समजाविले ते असे: निरोगी माणसाचे यकृत साखरेचा साठा करून ठेवते, उपाशी असताना तो साधारण एक दिवस पुरतो आणि मग शरीर चरबी वापरू लागते. म्हणून धडधाकट माणसाला एका दिवसाचा लंघनाचा नियम सहसा बाधत नाही. परंतु जो इन्सुलिन टोचून घेतो किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतो, त्याची साखर उपवासात एकाएकी धोकादायक पातळीवर उतरू शकते. वृद्धांच्या शरीरातील पाणी लवकर घटते. गर्भिणी, मूत्रपिंडाचे वा हृदयाचे रुग्ण यांनी वैद्याला विचारल्यावाचून उपवास धरू नये आणि चालू औषधही आपल्या मनाने बंद करू नये.

आता शास्त्र काय म्हणते? पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध, या आठांनी व्रतभंग होत नाही, असा स्पष्ट निर्वाळा आहे. एकादशीचा नियमही आठ वर्षांवरील आणि ऐंशीच्या आतील मनुष्यास सांगितला आहे. जो अशक्त आहे त्याने एकभुक्त राहावे, फलाहार करावा. तेही न जमल्यास पुत्र, बहीण, भाऊ यांच्याकरवी व्रत करवावे. ज्यांचा ‘धर्मसिंधु’ साऱ्या महाराष्ट्रात प्रमाण मानला जातो, ते काशीनाथशास्त्री उपाध्याय याच पंढरपुरात राहत होते आणि १७९० च्या सुमारास त्यांनी तो ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्याच गावचा मी एक कीर्तनकार. पण पदरी आलेले ज्ञान मी लपविले.

छांदोग्यात उद्दालक आरुणी आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस अन्न वर्ज्य करावयास सांगतात. पाणी मात्र हवे तेवढे पी, असे बजावतात. पंधरवड्यानंतर वेद म्हणावयास सांगितले, तर त्याला एक ऋचाही आठवेना. जेवल्यावर सारे पुन्हा स्फुरले. मन अन्नमय आहे, हा धडा पित्याने अशा रीतीने दिला. उपनिषदातील पिता पुत्राचे पाणी तोडत नाही, हे आपण लक्षात घ्यावे.

येथे दुसऱ्या बाजूचाही एक अतिरेक सांगितला पाहिजे. २०१६ साली जपानचे योशिनोरी ओसुमी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी आपलेच जीर्ण भाग पचवून पुन्हा कसे वापरतात, याचा उलगडा त्यांनी किण्व नावाच्या सूक्ष्म बुरशीवर प्रयोग करून केला. तेव्हापासून ‘एकादशीला नोबेल मिळाले’ अशी भाषा काही व्यासपीठांवरून ऐकू येते. हे संशोधन थोर आहे, परंतु ते आपल्या एकादशीवर झालेले नाही. व्रत हे औषध म्हणून विकू नये. शरीरास लाभ झाला तर तो प्रसाद समजावा. हेतू मात्र भगवंताच्या सान्निध्याचाच असावा. उप म्हणजे जवळ आणि वास म्हणजे राहणे. जो दिवसभर फराळाच्या जवळ राहिला, तो देवाजवळ केव्हा राहिला?

म्हणून माझे मत मी स्वच्छ मांडतो. ज्याची प्रकृती उत्तम आहे त्याने उपवास खरा करावा. पाणी, दूध, थोडी फळे घ्यावीत आणि कढई त्या दिवशी उतरवूनच ठेवावी. द्वादशीचे पारणेही मऊ भात-वरणाने सोडावे. जो आजारी आहे त्याने वेळेवर जेवावे, औषध घ्यावे आणि मनात अपराधाची भावना मुळीच बाळगू नये. त्याच्या पोटातील वैश्वानराला दिलेला तो घास ही आहुतीच आहे. आणि आम्ही जे नारदाच्या गादीवर उभे राहतो, त्यांनी कठोरतेच्या कथांबरोबर सवलतीचे वचनही त्याच आवाजात सांगावे.

आक्का आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. एकादशीला सकाळी ती गोळी घेते, मऊ भाकरी-दूध खाते आणि जपमाळ हाती घेते. तिची एकादशी शास्त्राच्या आधाराने प्रतिनिधी म्हणून मी करतो. गेली काही वर्षे या दिवशी माझ्या वाट्याला दोन व्रते येतात, एक माझे आणि एक तिचे. पोट मात्र एकच असल्यामुळे फराळाचे पान वाढावे लागत नाही.

राम कृष्ण हरि.