बीड: 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' या भीतीत किती तथ्य?

2019 मध्ये बीड जिल्हा देशभर चर्चेत आला तो ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. सरकारी समितीच्या पाहणीत 82 हजार 309 महिलांपैकी 13 हजार 861 जणींची, म्हणजे साधारण सहापैकी एकीची, ही शस्त्रक्रिया झाल्याचं आढळलं. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेल्यावर कॅन्सरची भीती घातली गेली, असं अनेकींचं म्हणणं होतं.

पण हा कॅन्सर होतो कसा?

पेशीच्या आवरणात काही प्रथिनं आरपार रुतलेली असतात. त्यांचं एक टोक बाहेर, दुसरं आत. बाहेरून 'वाढ' असा निरोप आला की ती तो आत पोहोचवतात. काम झालं की पेशी त्यांना आत ओढून मोडून टाकते. 'ईजीएफआर' हे त्यातलंच एक. अशा प्रथिनांच्या जनुकांत बिघाड झाला, तर निरोप थांबतच नाही. स्तनांच्या काही कॅन्सरमध्ये 'हर-2' या जनुकाच्या जादा प्रती तयार झालेल्या असतात.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणू असतो. त्याच्या 16 क्रमांकाच्या प्रकारातलं 'ई-5' हे प्रथिन मुख्यतः पेशीच्या आतल्या पटलांमध्ये बसतं आणि ईजीएफआर लवकर मोडू देत नाही. 'ई-6' आणि 'ई-7' ही प्रथिनं पेशीच्या वाढीचे ब्रेक निकामी करतात.

मग घाई कशाला?

बहुतेक संसर्ग आपोआप बरे होतात. जे टिकतात, त्यांचा कॅन्सर व्हायला सहसा अनेक वर्षं लागतात. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. त्यावर तपासणी आणि औषधं हा पहिला उपाय आहे, शस्त्रक्रिया नव्हे.

याचा पुरावा शेजारच्याच जिल्ह्यात आहे. तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार महिलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते.

अडचण वेगळीच आहे. ऊसतोडीत एका दिवसाचा खाडा म्हणजे मजुरी बुडते, वर दंडही बसतो. त्यामुळे टोळ्या गाव सोडण्याआधी, दिवाळीपूर्वीच तपासणी झाली, तरच ती या महिलांपर्यंत पोहोचेल.