अडवलेले पत्र म्हणजे अडवलेला माल

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि मालवाहतूक, गोदामे, क्लिअरिंग-फॉरवर्डिंग हे धंदे पनवेल परिसरात वाढले. बंदरात पडून राहिलेल्या कंटेनरचे भाडे दिवसागणिक कसे चढते, हे खांदा कॉलनीतील धंदेवाल्यांना सांगायला नको. अडवलेल्या ई-मेलचेही असेच नुकसान होते. पण त्याचे बिल येत नाही, म्हणून ते ध्यानात येत नाही.

अनेक व्यावसायिक मिळून एकाच सामाईक पत्त्यावर पत्रव्यवहार करतात, तेव्हा पत्रे तपासण्याचे काम एखाद्या व्यवस्थापकाकडे असते. यासाठी प्रचलित असलेली ‘मेलमॅन’ ही प्रणाली मूळ मांडणीत बाहेरच्या माणसाचे पत्र, ४० किलोबाइटपेक्षा मोठे पत्र किंवा एकाच वेळी दहा जणांना धाडलेले पत्र रोखून धरते. बिलाची एक स्कॅन केलेली प्रतही ही मर्यादा सहज ओलांडते. तेव्हा अडवलेले पत्र म्हणजे लबाडाचे पत्र, असे समजू नये. नवे गिऱ्हाईक तर बाहेरचेच असते!

व्यवस्थापकापुढे चार वाटा असतात: पत्र पुढे सोडणे, कारण कळवून परत करणे, गुपचूप टाकून देणे किंवा निर्णय लांबणीवर टाकणे. आमच्या मते चौथी वाट सर्वांत घातक. जहाजाची वेळ टळल्यावर सोडलेले पत्र काय कामाचे? टाकून देणे हे केवळ उघड फसव्या जाहिरातींपुरते ठेवावे. बाकी प्रत्येकाला कारण कळवणे हा व्यवहाराचा साधा शिष्टाचार आहे. विश्वासू बाहेरच्याचा पत्ता एकदा मंजूर यादीत घातला की त्याची रोजची अडवणूक टळते.

पत्र सोडतानाही डोळे उघडे हवेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली व्हॉट्सअ‍ॅप गटाच्या प्रमुखाला, केवळ तो प्रमुख आहे म्हणून, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल जबाबदार धरण्यास नकार दिला. मजकूर आधी तपासण्याचा अधिकार प्रमुखाला नसतो, हे त्यामागील एक कारण होते. इथे तर तो अधिकार व्यवस्थापकाच्या हाती आहे! वाचून, मंजूर करून सोडलेल्या पत्राबाबत त्याने याच निकालावर विसंबून राहू नये, असे आम्हाला वाटते.

म्हणून हे काम फावल्या वेळचे समजू नये. दोन माणसे नेमावीत, रोजची वेळ ठरवावी आणि नियम लेखी सर्वांना द्यावेत. दुसऱ्याचे पत्र आपल्या ताब्यात असणे ही अमानत आहे. ती वेळेवर पोहोचली तरच धंद्यात पत राहते.