शालीखालचा डोंगर

माझी पुतणी वास्तुविशारद आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने आणि तिच्या नवऱ्याने मुळशी तालुक्यात डोंगरउतारावर दहा गुंठ्यांचा एक प्लॉट पाहिला. आयुष्यभराची बचत घालून तिथे घर बांधायचे, असा बेत. एका रविवारी दोघे लॅपटॉप घेऊन घरी आले.

"काका, हे बघा आपलं घर," ती म्हणाली.

पडद्यावर डोंगर होता. झाडे, पायवाट, खालची भातखाचरे, सगळे जिथल्या तिथे. बोट फिरवले की डोंगरही फिरे. मधोमध तिने आखलेले कौलारू घर. माझी बायको, जिला नकाशा उलटा धरला तरी कळत नाही, ती लगेच म्हणाली, "स्वयंपाकघरातून खाचरं दिसतील की गं!" कागदी नकाशाला जे जमले नसते ते या चित्राने एका क्षणात केले. या सोयीचे कौतुक आधी केले पाहिजे. घर बांधणाऱ्या कुटुंबातल्या प्रत्येकाला आपली जागा 'दिसणे' ही लहान गोष्ट नव्हे.

हे होते कसे, ते मी तिला विचारले. तिच्या व्यवसायात याला 'ड्रेप करणे' म्हणतात. मला आपला 'पांघरणे' हा शब्द बरा वाटला. आधी जमिनीवरच्या ठरावीक बिंदूंची उंची घ्यायची. संगणक ते बिंदू जोडून त्रिकोणांचे जाळे विणतो. हा झाला डोंगर, पण उघडाबोडका. मग विमानातून, ड्रोनमधून किंवा उपग्रहावरून टिपलेले छायाचित्र सरळ वरून त्यावर सोडायचे. छायाचित्राचा जो ठिपका ज्या जागेच्या डोक्यावर येतो, तो रंग त्या जागेचा. डोंगराने शाल पांघरावी, तसे ते चित्र जाळ्यावर बसते.

एके काळी आपल्याकडे विमानातून काढलेले छायाचित्र मिळवायचे तर संरक्षण खात्याच्या परवानगीपासून सुरुवात होई. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूमापनाचे नियम पुष्कळ सैल केले, आणि त्याच वर्षी ड्रोनचे नवे नियम आले. त्यामुळे आता प्लॉट विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांतही असे डोंगर दिसू लागले आहेत. म्हणूनच शाल आणि डोंगर या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे सामान्य गिऱ्हाइकाने समजून घ्यायला हवे.

शाल वरून टाकलेली असते. त्यामुळे उभ्या कड्याच्या वाट्याला चित्राची अगदी अरुंद पट्टी येते आणि ओल्या रंगावरून हात फिरवल्यासारखी ती खाली ओघळते. क्लेमेंट वाला नावाच्या कलावंताने गूगल अर्थवरची अशी चित्रे जमवली आहेत. त्यांत दरीवरचे भक्कम पूल मेणासारखे वितळून दरीत उतरलेले दिसतात. कारण साधे आहे. पुलाचे चित्र पुलावर नव्हे, खालच्या दरीवर पांघरले गेले.

अशी चूक निदान डोळ्यांना दिसते. खरा धोका न दिसणाऱ्या चुकीचा आहे. मी सहज विचारले, "उंची कुठून घेतलीस?" ती थोडी थबकली. म्हणाली, "फुकट मिळते ती. सुरुवातीला तेवढी पुरते."

फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अवकाशयानाने ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची रडारने मोजली. काम थोरच, पण त्यातले बिंदू एकमेकांपासून साधारण ३० मीटरवर आहेत. दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा सुमारे ३२ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. म्हणजे आख्ख्या प्लॉटच्या वाट्याला उंचीचा एखादाच बिंदू! त्यावर पांघरलेल्या छायाचित्रात मात्र झाडन् झाड मोजता येते. शालीवरची नक्षी इतकी बारीक, की खालचे अंगही तितक्याच बारकाईने मोजले असणार असे आपण धरून चालतो.

"फोटो काढून दाखव," मी म्हटले. तिने चित्र बंद केले. उरले दोन-चार मोठे करडे त्रिकोण, आणि त्यावर तिचे घर.

हा प्रश्न मला सुचला तो हुशारीमुळे नव्हे. बँकेत असताना मी एका शिक्षकाचे घरकर्ज मंजूर केले होते. नकाशा सुबक, कागदपत्रे चोख. जागा पाहायला मी मे महिन्यात गेलो, चहा घेतला, शेरा लिहिला. पहिल्याच पावसात त्यांच्या मागच्या खोलीत पाणी शिरले. जी मी घळ समजलो होतो, तो ओढा होता. पुढे प्रत्येक हप्ता भरायला ते गृहस्थ माझ्या टेबलासमोरून जात. कधी एक शब्द बोलले नाहीत.

छायाचित्रालाही असाच एक महिना असतो. मार्चमधल्या चित्रात सह्याद्रीचा ओढा म्हणजे झाडीखालची एक सावली. आणि आपल्या डोंगरात पाणी आणि उतार काय करू शकतात, हे ३० जुलै २०१४ रोजी माळीणने आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीने दाखवले आहे.

जुलैत आम्ही तिघे प्लॉटवर गेलो. चित्रातल्या बैठकीच्या खोलीतून गुडघाभर पाणी खळाळत चालले होते. पुतणी छत्री धरून बराच वेळ तिथे उभी राहिली. मग म्हणाली, "काका, मी रोज हेच काम करते हो."

त्यांनी जागा सोडली नाही. पाऊस ओसरल्यावर मोजणीदार बोलावून दर दोन मीटरवर उंची घेतली. ओढा कागदावर आला, घर वर सरकले, एक खोली कमी झाली. मोजणीचा खर्च झाला. पण पाया पाण्यात गेल्यावर झाला असता त्याच्या तुलनेत काहीच नाही.

माझे म्हणणे एवढेच. साध्या नकाशावरही प्रमाण लिहिलेले असते, उत्तर दिशा दाखवलेली असते, खाली सही असते. मग या देखण्या डोंगरांच्या कोपऱ्यात छायाचित्र कोणत्या महिन्यातले आणि उंची किती अंतरावर मोजलेली, या दोन गोष्टी का नसाव्यात? वास्तुविशारदांनी त्या आपणहून लिहाव्यात. कर्ज देणाऱ्यांनी विचाराव्यात. आणि घर घेणाऱ्यांनी, चित्र कितीही आवडले तरी, एकदा ते बंद करून दाखवायला सांगावे आणि एकदा भर पावसात जागेवर जावे.

पुतणीने परवा नवे चित्र दाखवले. पूर्वीइतकेच सुंदर आहे. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले आहे: छायाचित्र मार्च, उंची दर २ मीटर, ओढा जुलैत पाहिला.