जेवणाच्या कूपनाला ‘लाभ’ का म्हणायचे?

श्रमिकांची कविता शिकवताना ‘भाकरी’ हा शब्द आला, की आम्ही फळ्यावर प्रतिमा, प्रतीक, जाणीव असे शब्द लिहितो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून मागच्या बाकावर येऊन बसलेल्या विद्यार्थ्याला त्या वेळी काय वाटत असेल, हे आम्ही सहसा विचारीत नाही. शिरूर परिसरात अध्यापन करणाऱ्या आम्हा मंडळींना म्हणूनच नोकरीच्या बोलण्यात सर्रास येणाऱ्या ‘पगार, शिवाय जेवणाच्या कूपनांचा लाभ’ या शब्दप्रयोगाची झाडाझडती घेणे अगत्याचे वाटते.

‘लाभ’ म्हटले की देणाऱ्याचे औदार्य गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात कूपनाची रक्कम पुष्कळदा एकूण वेतनखर्चातच मोजलेली असते. पैसा कामगाराचाच, तो कोठे खर्चायचा, एवढे मात्र दुसऱ्याने ठरवायचे. आयकराच्या 1962च्या नियमांनी एका जेवणामागे 50 रुपयांपर्यंतचे कूपन दीर्घकाळ करमुक्त ठेवले. अट अशी, की ते हस्तांतरणीय नसावे आणि केवळ खाद्यगृहातच चालावे. 1952च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने तर अन्नसवलतीचे रोख मूल्य मूळ वेतनाच्या व्याख्येतूनच वगळले. आता ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्या कामगाराचा कोणता कर वाचला? त्याच्या वाट्याला आले ते म्हातारपणच्या पुंजीत भर न घालणारे वेतन.

यावर आमचेच काही सहकारी म्हणतात, ‘रोख दिले तर पैसे भलतीकडे जातील, कूपनाने निदान पोटात अन्न तरी पडते.’ प्राध्यापकांच्या महागाई भत्त्याविषयी अशी शंका कोणी कधी घेतल्याचे आम्हाला स्मरत नाही.

कायद्याला पूर्वी वेगळी वाट सुचली होती. 1948च्या कारखाने अधिनियमातील 46व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली आणि त्याच्या व्यवस्थापनात कामगारांच्या प्रतिनिधित्वाचीही सोय ठेवली. 2020च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा, कंत्राटी कामगार धरून, शंभरावर आणली. भात कच्चा राहिला तर त्याबद्दल बोलण्याची जागा या व्यवस्थेत आहे. कूपनाशी भांडता येत नाही.

मुंबईच्या गिरणगावात कामगार महिन्याच्या बोलीवर खानावळवाल्या बायकांकडे जेवत. त्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. तिथे जेवणारा आणि रांधणारी एकमेकांना ओळखत होते, उधारीची वही दोघांच्या विश्वासावर चालत होती. आज कंपनीच्या फाटकाबाहेर पोळीभाजी विकणाऱ्या बाईकडे कूपन वटवण्याचा करार नसतो. मग कामगाराचा पैसा त्याच्या शेजारणीच्या चुलीपर्यंत पोहोचतच नाही.

आमचे म्हणणे साधे आहे. जेवण द्यायचे असेल तर कायम आणि कंत्राटी असा भेद न करता एका पंगतीला द्यावे. ते जमत नसेल तर ती रक्कम रोख वेतनात मिळवावी आणि तिच्यावर भविष्य निर्वाह निधीही कापावा. आणि आपण, भाषेच्या शिक्षकांनी, वेतनाच्या तुकड्याला ‘लाभ’ म्हणणे निदान आपल्यापुरते तरी थांबवावे.