अर्धवट राहिलेला प्रयोग

तमाशाच्या वगात सोंगाड्या भर दरबारात राजाची खोड काढतो, माणसे खळखळून हसतात आणि राजा ते निमूट ऐकून घेतो. वगाबाहेरची सत्ता इतकी सोशिक नसते.

१ जानेवारी १९८९. दिल्लीला खेटून असलेल्या गाझियाबाद जिल्ह्यात, साहिबाबादजवळच्या झंडापूर या कामगार वस्तीत ‘जन नाट्य मंचा’चे ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य सुरू होते. जमाव लाठ्या घेऊन चालून आला. राम बहादूर हा कामगार गोळीने मारला गेला. जबर जखमी झालेले मंचाचे कलावंत सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी रात्री गेले. वय अवघे ३४. न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले ते २००३ साली.

सरकारी नोकरी सोडून सफदर पूर्णवेळ नाटकात उतरले होते. त्यांच्या मंडळींचे पहिले पथनाट्य ‘मशीन’ (१९७८) जेमतेम १३ मिनिटांचे. त्याची ठिणगी गाझियाबादच्याच एका कारखान्यातली. सायकल ठेवायला जागा आणि चहासाठी कँटीन, एवढ्या मागणीवर तिथे गोळीबार झाला होता. नटांनी स्वतःच्या देहांचे यंत्र केले. ना पडदा, ना रंगमंच. प्रेक्षकांचे रिंगण, तेच नाट्यगृह.

४ जानेवारीला सफदर यांच्या पत्नी मलयश्री हाश्मी सहकाऱ्यांसह झंडापूरला परतल्या आणि अर्धवट राहिलेला तो प्रयोग त्याच जागी त्यांनी पुरा केला. हजारो माणसे बघायला जमली. हल्ल्याच्या दिवशी त्या नटसंचात एक मराठी तरुणही होता: सुधन्व देशपांडे, ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे नाटककार गो. पु. देशपांडे यांचे चिरंजीव. गो. पुं.चे जोतीराव फुल्यांवरचे ‘सत्यशोधक’ पुढे जन नाट्य मंचाने हिंदीत केले. २०१२ साली अतुल पेठे यांनी पुण्यात तेच नाटक मराठीत उभे केले, महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन. पहाटे शहर झाडणारे हात रात्री जोतीरावांचे बोल बोलू लागले.

बोचरे बोलणाऱ्याची किंमत आपण बहुधा तो गेल्यावर करतो. आमची धारणा अशी की त्याला जपायचे असेल तर तो बोलत असताना रिंगणात उभे राहावे लागते, आणि रिंगण मोडले तर चौथ्या दिवशी तिथेच पुन्हा यावे लागते. नियतकालिकाचे कामही याहून वेगळे नाही. लेखक निर्भयपणे लिहील, एवढी जागा आम्ही राखतो. ती भरते वाचकांमुळे.

यंदाचा अंक या भावनेने आपल्या हाती देत आहोत. रिंगणात या.

— संपादक