आजी प्रवासात पाणी का पीत नाही?

गेल्या महिन्यात सत्तरीचे एक गृहस्थ पत्नीसह दवाखान्यात आले. मुलगा अमेरिकेत असतो. त्याने दोघांना ऑक्टोबरात बोलावले आहे आणि समुद्रकाठाने आठवडाभर गाडीतून फिरवायचा त्याचा बेत आहे. आजोबांचा प्रश्न सरळ होता, "डॉक्टर, या वयात हे झेपेल का?" मी दोघांचाही रक्तदाब तपासला, साखरेचे रिपोर्ट पाहिले आणि म्हणालो, "खुशाल जा." आजोबा खूष झाले. आजी मात्र खाली बघून म्हणाल्या, "यांना जाऊ द्या. मी घरीच बरी. मला प्रवास सोसत नाही."

नेमके काय सोसत नाही, हे त्या सांगेनात. गुडघ्यांची फारशी तक्रार नाही, गाडीही लागत नाही. आजोबांना जरा बाहेर बसायला सांगितले, तेव्हा कुठे उत्तर मिळाले. ते उत्तर मला ठाऊक होते. माझ्या स्वतःच्या घरात ते कळायला मात्र मला संसाराची चाळीस वर्षे लागली होती.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघेही असेच मुलाकडे गेलो होतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगॉन नावाचे राज्य आहे. त्याच्या समुद्रकाठाने १०१ क्रमांकाचा महामार्ग जातो. अ‍ॅस्टोरियापासून फ्लॉरेन्सपर्यंतचे सुमारे ३०० किलोमीटर अंतर आम्ही सहा दिवसांत केले. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला सूचिपर्णी झाडांचे हिरवेगार डोंगर आणि त्यात मधूनच पिवळे-तांबडे झालेले मेपलचे झाड. कॅनन बीच येथे वाळूतून एकदम वर आलेला २३५ फुटी खडक आहे, तो पाहताना हिला आपले कोकण आठवले. ओरेगॉनने १९६७ साली कायदा करून किनाऱ्यावरची वाळू सर्व जनतेसाठी खुली ठेवली आहे. त्यामुळे कुठेही उतरावे आणि चालावे.

आमची गाडी म्हणजे चाकांवरची एक खोलीच होती. तिकडे तिला आरव्ही म्हणतात. आत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, बेसिन आणि एका कोपऱ्यात कमोडचा संडास. रात्री सरकारी उद्यानातल्या ठरलेल्या जागी गाडी लावायची, तिथे वीज आणि पाणी जोडून मिळते. मैला साठवण्याची टाकी गाडीखालीच असते आणि ती नेमून दिलेल्या ठिकाणी रिकामी करावी लागते. ते काम मुलाने केले.

दुसऱ्या दिवशी न्यूपोर्टला याक्विना खाडीवरचा १९३६ सालचा सुंदर पूल पाहायला थांबलो. हिने गाडीतच चहा केला, स्वतः एक कप घेतला आणि मग दुसरा ओतून घेतला. मी थट्टेने म्हणालो, "आज प्रवासात दोन-दोन कप?" ती म्हणाली, "आज कसली भीती? मागेच तर आहे."

मला अर्थ लागला नाही. रात्री विचारले तेव्हा तिने सांगितले. लग्नाआधीपासून तिला आईची शिकवण होती की दुसऱ्या दिवशी एसटीचा प्रवास असेल, तर आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचे. पुरुष वाटेत कुठेही उतरतात, बायका बसून राहतात. गणपतीपुळ्याहून परतल्यावर तिला एकदा थंडी वाजून ताप आला होता, लघवीला जळजळ होती. मी औषध दिले आणि तिथल्या पाण्याला दोष दिला. मी डॉक्टर, रोज पन्नास पेशंटना "भरपूर पाणी प्या" असे सांगणारा. पण माझ्या शेजारच्या सीटवरची बाई तहानलेली बसली आहे, हे मला कधी दिसले नाही.

वाचकहो, ही केवळ गैरसोयीची बाब नाही. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. त्यात मुद्दाम पाणी तोडले, की लघवी घट्ट होते, ती तासन् तास दाबून ठेवली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. वयस्क स्त्रियांमध्ये मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आधीच जास्त आढळतो. शरीरातले पाणी कमी झाले, की उठताना चक्कर येते, आणि म्हातारपणी पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याचा धोका. बद्धकोष्ठ होते ते वेगळेच. कित्येक आज्या याच भीतीपोटी रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी परस्पर बंद करतात. तसे करू नये. गोळी कोणत्या वेळी घ्यायची, हे आधी डॉक्टरांना विचारून ठरवावे. आजोबांचेही तसेच. प्रोस्टेटची तक्रार असलेले पुष्कळ जण लाजेपोटी प्रवासच टाळतात.

एरवी दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर पेय पोटात जावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

असा लांबचा प्रवास करणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून विमानात आणि गाडीत घोटे हलवत राहावे, संधी मिळताच चार पावले चालावे. औषधे आणि इन्शुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे. इन्शुलिन गोठले की निकामी होते, म्हणून गाडीतल्या फ्रिजमध्येही ते बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवू नये. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत, आपली कंपन्यांची नावे तिकडे कळत नाहीत. आपल्या पॅरासिटामॉललासुद्धा तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. ऑक्टोबरात त्या किनाऱ्याचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, तेव्हा गोळ्यांच्या वेळा निघण्यापूर्वीच ठरवाव्यात. आरोग्य विमा काढताना जुने आजार लपवू नयेत.

गाडी चालू असताना पट्टा बांधून बसावे. चहा आणि संडास, दोन्ही गाडी थांबल्यावरच. थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटवून झोपू नये, बंद जागेत विषारी वायू साठतो. गाडीच्या पायऱ्या उंच असतात, उतरताना हात धरावा. आणि त्या समुद्रात घोट्याभर पाण्यातही पाठ करून उभे राहू नये. अचानक मोठी लाट येते, पाणी बर्फासारखे गार असते.

आता माझे मत सांगतो. आई-वडिलांना प्रवासाला न्यायचे की नाही, हे त्यांचे वय पाहून ठरवू नका. वाटेत थांबायची सोय कशी आहे, ते पाहून ठरवा. मुलांनी अमेरिकेत आरव्ही घ्यावीच असे मी म्हणत नाही. ती महाग असते आणि सर्वांना जमणारही नाही. पण त्या गाडीने मला एक गोष्ट दाखवली. जी बाई "मला प्रवास सोसत नाही" म्हणायची, ती सहा दिवस पोटभर पाणी पिऊन, नातवाचा हात धरून वाळूत हिंडली. गुडघे तेच होते आणि वयही तेच. फरक होता तो फक्त एका दाराचा.

आपल्याकडे २०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण तिकीट फुकट मिळाले तरी स्टँडवरच्या मुतारीत आत पाऊल ठेववत नसेल, तर आजी घरीच बसणार. आपल्या स्टँडवर पाणी असलेले, आतून कडी लागणारे, धरायला दांडी असलेले, एक तरी कमोडचे स्वच्छतागृह असावे. ही मागणी आपल्या नगरसेवकांकडे आणि आगारप्रमुखांकडे आपणच केली पाहिजे. तोंडी नको, लेखी अर्ज द्या. ज्येष्ठ नागरिक संघांनी सहलीचा मार्ग आखताना देवळांच्या यादीआधी स्वच्छतागृहांची यादी करावी.

त्या आजी आता जाणार आहेत. मी त्यांच्या मुलाला फोनवर एवढेच सांगितले, की दर दीड-दोन तासांनी गाडी थांबव, आणि आईने सांगायची वाट पाहू नकोस, ती सांगणार नाही.

आपणही येत्या दिवाळीत आईला घेऊन कुठे निघालात, तर "पाणी पी" असे तिला बजावण्याआधी "थांबायचे का?" असे विचारा. पाणी ती आपण होऊन पिईल.